द्रौपदाबाईची हजेरी

"तोंडावरचं फडकं काढा," अखिल तिसऱ्यांदा म्हणाला.

द्रौपदाबाईने काढलं नाही. हातातल्या सुपातली तूरडाळ तिने एकदा पाखडली आणि पुन्हा निवडायला घेतली. अखिल मोबाइल पुढे धरून तसाच उभा राहिला. शेवटी, एक तारखेपासून मोबाइलवर हजेरी नसेल त्या बाईला गेटच्या आत घेणार नाही, असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगून तो ऑफिसात गेला.

जळगावच्या एमआयडीसीतली ही डाळ मिल अखिलच्या आजोबांची, अभयकुमार शेठांची. निवडणीच्या बाया सकाळी आल्या की नाकातोंडाला फडकं बांधत. डाळीची भुकटीच तशी उडते. हजेरी मस्टरवर, अंगठा उमटवून. अंगठा कुणाचा, हे बघायला कुणालाच वेळ नसे.

अखिल पुण्याहून शिकून आला तो हे सगळं बदलायचं ठरवूनच. मार्च महिन्यात भिकुबाई आजारी पडली आणि तिच्या जागी तिची सून आठ दिवस डाळ निवडून गेली. बायांमध्ये ही चाल जुनीच. एकीची अडचण झाली की घरातली दुसरी येऊन बसते, काम थांबत नाही. अखिलला मात्र नवव्या दिवशी कळलं आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने ॲप आणलं. कामावर लागताना दिलेले फाइलमधले फोटो स्वतः त्यात चढवले. आता मोबाइलसमोर तोंड दाखवायचं, फोटोशी जुळलं की हिरवी खूण, हजेरी लागली.

चाळीस बायांची लागली. भिकुबाईच्या फोटोत तिचे सगळे दात जागेवर होते, आता मोजून चार उरलेत, तरी ॲपने तिला ओळखलं. अखिल दिवसभर ते सगळ्यांना सांगत फिरला. पण एकदा लताबाईच्या भुवयांवर भुकटी बसली होती तेव्हा त्याच ॲपने तिला गैरहजर ठरवलं, ते त्याने कुणाला सांगितलं नाही.

द्रौपदाबाई तेवढी अडून बसली. तिचं म्हणणं, मी निवडलेल्या डाळीत खडा सापडला का ते बघा, तोंड कशाला बघता. बायांना तिचं पटत होतं, पण नोकरी जायची भीती होती. ती द्रौपदाबाईलाही होती. घरातली पोर, शिल्पा, धुळ्याला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि कमावणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. ही मिल सुटली तर दुसऱ्या मिलचं दार उघडेल, असं तिचं वय राहिलं नव्हतं.

एक तारीख आली. अखिल गेटवरच उभा होता. द्रौपदाबाई त्याच्यापुढे गेली, एकदा सगळ्या बायांकडे पाहिलं आणि फडकं सोडलं.

मोबाइलवर लाल खूण आली.

अखिलने काच शर्टाला पुसली. लाल. तिला गेटच्या सावलीतून उन्हात आणलं. लाल. तोंड धुऊन यायला सांगितलं, ती धुऊन आली, पुन्हा लाल. आता बाया पदराआड हसू लागल्या. अखिलचे कान तापले. काही हरकत नाही, तो म्हणाला, आपण नवी नोंदणी करू, उद्या आधार कार्ड घेऊन या.

"नवी नोंदणी म्हंजे मी आजपासून नवी का?" द्रौपदाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "बावीस वरीस कोठे ग्यात मंग? आधार मी आननार नही. मन्हं तोंड तुन्हा मशीनले पटत नही, त्यामा मन्हा काय दोष?"

भिकुबाई शेडमध्ये गेली आणि आपलं सूप पालथं घालून त्यावर बसली. मग लताबाई बसली. पाच मिनिटांत चाळीस सुपं पालथी झाली. बाहेर हरभऱ्याचा ट्रक उभा, आत मशीन रिकामं फिरतंय आणि बाया गप्प. असं त्या मिलमध्ये कधी झालं नव्हतं.

अभयकुमार शेठ काठी टेकत आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. नातवाच्या हातातून मोबाइल घेतला, चष्मा वर करून त्यातला जुना फोटो पाहिला, मग द्रौपदाबाईकडे पाहिलं.

"तेच नाक, तेच कपाळ," ते म्हणाले. "अखिल, ही कामावर लागली तेव्हा तू चड्डीत फिरत होतास. जे यंत्र आमच्या द्रौपदेला ओळखत नाही, ते मला काय करायचंय?"

"पण दादाजी..."

"मस्टर आण."

अखिल मान खाली घालून मस्टर आणायला गेला. बाया उठल्या. भिकुबाई हसली नाही. ती द्रौपदाबाईजवळ गेली, तिच्या तोंडाला स्वतःच्या हाताने फडकं बांधलं आणि मागे घट्ट गाठ मारली. द्रौपदाबाईने मस्टरवर नेहमीसारखा अंगठा उमटवला. त्या दिवशी शेडमध्ये गाणी म्हणत डाळ निवडली गेली.

संध्याकाळी ती घरात पाऊल टाकते तोच धुळ्याहून शिल्पाचा फोन आला. सकाळपासून पोरीचा जीव टांगणीला लागला होता.

"मावशी, राहिली का नोकरी?"

"राहिली. तू अभ्यास कर."

फोन ठेवून तिने हात धुतले आणि भिंतीवरचा फोटो खाली काढला. मिलच्या फाइलमध्ये होता तोच, फक्त मोठा करून घेतलेला. पदराने तिने त्याची काच पुसली, कोपऱ्यात लिहिलेल्या 'कै. द्रौपदाबाई' या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि हार सरळ केला.

"अक्का," इंदिरा बहिणीच्या फोटोला म्हणाली, "आज बी तू हजर शेस."