बाजूची सीट

स्पोर्ट्‌स कार गॅरेजात लावून तो उतरला आणि म्हणाला, "आधी ही बाजूची सीट काढून टाका."

मेकॅनिकनं कपाळाला हात लावला. अशी गाडी हाती आली की ज्याला त्याला पहिल्याच दिवशी विमान उडवायचं असतं! "साहेब, सीट काढून वीस किलो वजन कमी केलं म्हणून गाडी काही उडायची नाही. आधी ब्रेक, मग टायर, इंजिनची ताकद सगळ्यात शेवटी. माझं ऐका."

"ऐकतो. पण आधी सीट." कुणाला घड्याळातली वेळ सांगावी तसा आवाज.

आता मेकॅनिकही हट्टाला पेटला. "चला, ब्रेक किती कच्चे आहेत ते दाखवतोच," म्हणत तो त्याच सीटवर बसला, बेल्ट लावला. मोकळ्या रस्त्यावर गाडीनं वेग घेतला. "हं, आता दाबा!"

गाडी थांबायच्या आत त्याचा हात स्टिअरिंगवरून सुटला, मेकॅनिकच्या छातीवर आडवा आला आणि तिथेच राहिला.

मेकॅनिकला हसू आवरेना. "अहो साहेब, मी काय लहान आहे? बेल्ट लावलाय की!"

रस्त्यावरची नजर न हलवता तो म्हणाला, "माझ्या मुलीनंही लावला होता."