तहानेचा धडा

गेल्या वर्षी शहरातल्या दवाखान्यात सेनोबिया आजी दिवसभर तहानेनं तळमळत पडली होती. नर्सला आमची केचुआ भाषा कळेना आणि आजीला स्पॅनिश येईना. म्हणून बहात्तराव्या वर्षी आजी स्पॅनिश शिकायला गावच्या प्रौढ वर्गात माझ्या शेजारी येऊन बसायला लागली.

लीमाहून नव्यानं आलेल्या मिलुस्का बाईंनी आज नेमका पाणी मागायचाच धडा घेतला. आजी उठली, डोक्यावरची हॅट काढून छातीशी धरली आणि एका दमात म्हणाली, "तेंगो सेद!" म्हणजे, मला तहान लागलीय.

"शाब्बास आजी! मग काय घेणार? पाणी, चहा की चिचा?"

"पाणी दवाखान्यात मागेन. इथे चिचाच!"

सगळा वर्ग खो-खो हसला. मी घरून चिचा, म्हणजे आमची मक्याची आंबवलेली बिअर, आणली होतीच. पेला काठोकाठ भरून आजीच्या हातात दिला. आजीनं तो कलता केला आणि नेहमीसारखी पहिली धार भुईला दिली.

"अहो आजी, सांडताय काय?" बाई ओरडल्या. "आत्ताच म्हणालात ना, तहान लागलीय!"

आजी वाकली आणि ओल्या मातीवर हात ठेवून केचुआत काहीतरी पुटपुटली. बाईंना कळावं म्हणून मी ते माझ्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं.

"लागलीय ना, पोरी. पण मला आता मागता येतं. या धरणीमाउलीला अजून कुठं येतंय?"