बोट बुडवलं की

जलपर्णी एरवी गटारातही माजते. पण पाण्यात शिसं मिसळलं, की मुळं टाकून देते. आमच्या प्रयोगशाळेत हे रोजचंच. तिथल्या दोन हिरव्यागार जलपर्णी मी लेकीसाठी घरी आणल्या.

पहिली भांड्यात सोडली. लेकीने बोट बुडवलं, आणि सगळी मुळं गळून तळाशी बसली.

नळाचं पाणीच खराब असणार, म्हणून मी फिल्टरचं पाणी भरलं, दुसरी सोडली. मी हात घातला. काही नाही. तिच्या बाबांनी घातला. काही नाही.

"आता मी!" लेकीने बोट बुडवलं.

मुळं गळली.

"आई, ती मला घाबरते का गं?"

"वेडाबाई, झाडं कुठं घाबरतात?"

ती खुदकन हसली आणि तिने ओले हात माझ्या गळ्यात टाकले.

माझ्या खांद्यावरून माझ्याच केसांचा पुंजका अलगद खाली घसरला.