लाल दोऱ्याचं बटण

मिस्त्रीने शीळ घालतच जुन्या मोटारीचं इंजिन खोललं. ते त्याच्या जन्माआधीचं, आणि कारखान्यातून निघाल्यापासून कुणी उघडलेलंच नव्हतं.

"बघ, कारखान्यातही लोक पाट्याच टाकायचे," तो बायकोला म्हणाला. लोखंड ओततानाच आत एक खड्डा राहून गेला होता. खड्ड्यात एक निळं बटण रुतलं होतं, लाल दोऱ्यासकट.

बायको हसता हसता थांबली. निळा दोरा शोधायचा कंटाळा करून लाल लावायची खोड तिचीच. मिस्त्रीच्या अंगातल्या शर्टाची निळी बटणं तिने कालच तशी लावली होती.

"अहो, आधी तुमची बटणं बघा."

त्याने चाचपली. सगळी जागेवर होती. दोघं पोट धरून हसली.

मग बटण नीट बघायला तो इंजिनावर वाकला, आणि छातीवरच्या बटणाचा लाल दोरा आपोआप उसवायला लागला.