राजीवचा ध्रुव

“बाबा, हा रॉड पोलॅरिसकडे करायचा. मग ताऱ्यांमागे फिरायचं काम मोटर बघते,” इला म्हणाली. आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला लेकीने दुर्बीण आणली होती. अमेरिकेत, कॅरीतल्या घरामागच्या डेकवर नुकतं कुठे अंधारून आलं होतं.

“पोलॅरिस म्हणजे आपला ध्रुव. तो मला विचार,” म्हणत राजीवने दुर्बीण बेधडक एका झळझळीत नारिंगी ताऱ्याकडे वळवली.

सुलेखाने चटकन इलाकडे पाहिलं. चौतीस वर्षं तिने हे झाकून ठेवलं होतं. नागपुरात त्यांचं लग्न लागलं भर दुपारी. ध्रुवदर्शनाच्या वेळी भटजींनी मांडवाच्या कापडाकडे बोट दाखवून ‘दिसला म्हणा’ सांगितलं आणि तिने म्हटलं. राजीवला काही ते पटेना. रात्री त्याने नव्या नवरीला गच्चीवर नेलं आणि ‘खराखुरा’ ध्रुव दाखवला, आकाशातला चांगला ठळक तारा बघून. पण तो ध्रुव नव्हताच, ती होती नारिंगी स्वाती. भूगोलाच्या मास्तरांच्या मुलीला हे कळणार नाही तर कोणाला? पण त्याचा चेहरा असा काही खुलला होता, की ती ‘दिसला’ एवढंच म्हणाली. तेव्हापासून दर मे महिन्यात तो दाखवायचा आणि ती बघायची.

इलाने फोनवरचा आकाशाचा नकाशा वर धरला. “बाबा, नॉर्थ मागे आहे. हा आर्क्ट्युरस. ओल्ड स्टार. एज झालं की ते फुगतात, ऑरेंज होतात.”

“म्हणजे माझ्यासारखाच,” राजीव पोटावरून हात फिरवत म्हणाला, पण हसला नाही. तो सुलेखाकडे वळला. “तुला ठाऊक होतं?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही इतक्या हौसेने दाखवत होतात. आणि मग मला तोच आवडायला लागला.”

राजीव मागे वळला. इलाने शेजाऱ्यांच्या गॅरेजवरचा एक फिकट ठिपका दाखवला. राजीवने डोळे बारीक करून पाहिलं.

“हा ध्रुव? एवढासा?”

“एवढासाच,” सुलेखा म्हणाली. “पण जागचा हलत नाही. म्हणून तर नवरीला दाखवतात.”

“आणि मी तुला इतकी वर्षं भलताच दाखवला. फिरता.” त्याचा आवाज खरोखरच पडला होता.

सुलेखाला हसू आलं, आणि त्याच्याबद्दल मायाही वाटली.

“नागपूर, पुणे, आयसेलिन, आता कॅरी. आपण तरी कुठे एका जागी राहिलो?” तिने आपली खुर्ची उचलली आणि पुन्हा नारिंगी ताऱ्याकडे तोंड करून ठेवली. “या इकडे. या वर्षीचं दाखवायचं राहिलंय.”

राजीव जरा घुटमळला. मग तिच्या खुर्चीमागे येऊन त्याने बोट वर केलं.

“दिसला?”

“दिसला,” सुलेखा म्हणाली.