हातांचं माप

निनाद भिंतीला पाठ लावून दोन्ही हात आडवे पसरून उभा राहिला. गुणवंतने या बोटाच्या टोकापासून त्या बोटाच्या टोकापर्यंत टेप ओढला, आकडा वाचला, विश्वास बसला नाही म्हणून पुन्हा ओढला. उंची सहा फूट नऊ. हात सात फूट चार.

"हबीबी, ये हाथ है कि क्रेन?" क्लबचा मॅनेजर फहद खुर्चीतूनच ओरडला.

दुबईतल्या अल कुसैसच्या त्या हॉलमध्ये सकाळपासून हेच चाललं होतं. एकोणीस वर्षांचं कॉलेजचं पोरगं, बास्केटबॉलमध्ये सेंटर खेळणारं, आणि बाजारात बैल बघावा तसे त्याला बघणारे दोघे. गुणवंतचा धंदाच तो. क्लबसाठी पोरं पारखायची आणि फॉर्मवर मार्क मांडायचे. निनादचे मांडून झाले होते. पाय जड. डावा हात नुसता लोंबकळायला. पण रिंगखाली उभा राहिला की समोरच्याचा बॉल वर जाऊच देत नाही. दोन वर्षांत तयार होईल. घ्या.

फॉर्मवर सही करायची तेवढी राहिली होती. निनाद पाणी प्यायला लागला आणि गुणवंतचं लक्ष गेलं. मोठ्या बाटलीला वळसा घालून त्याची बोटं एकमेकांवर चढली होती.

"बाटली ठेव. अंगठा आत घालून मूठ वळ."

निनादने वळली. अंगठा मुठीच्या पलीकडून नखासकट बाहेर आला.

"टी-शर्ट वर कर."

छातीच्या मधोमध खळगा होता. चहाची बशी बसेल एवढा.

अशी मूठ गुणवंतने आयुष्यात एकदाच, एका खेळाडू पोराची पाहिली होती. तो पोरगा रिबाउंड घेऊन खाली आला आणि पुन्हा उठलाच नाही.

"साहेब, जरा बाजूला येता?" निनादचा बाप आत्माराम बाकावरून कधीच उठला होता. त्याने गुणवंतला दाराशी नेलं. "आपण मराठी माणसं, तुमच्यापासून काय लपवू? गेल्या सुट्टीत पुण्यात इको केला. हार्टमधून निघते ती मोठी नळी फुगलीय म्हणाले. खेळ बंद करा म्हणाले. फाईल बहिणीकडेच ठेवली. इकडच्या इन्शुरन्सला वास लागायला नको."

हे इथे सगळेच करतात. शुगर असो, बीपी असो, गाठ असो, सुट्टीत गावी तपासायचं, कागद तिकडच्या कपाटात कोंबायचे आणि विमानात बसायचं. कागद आला नाही की आजारही येत नाही!

"पोराला माहितेय?"

"त्याला कशाला घाबरवू? कॉलेजची मेडिकल आहे म्हणून सांगितलं."

"अहो, नळी फुटली तर कोर्टवरच जाईल तो."

"आणि नाही फुटली तर?" आत्मारामचा आवाज चढला. "माझी नोकरी गेलीय, साहेब. महिन्याभरात आमचा सगळ्यांचा व्हिसा खलास. क्लबने ह्याला घेतलं तर क्लबच्या व्हिसावर निदान हा तरी इथे राहील. तुम्ही नुसतं यस लिहा. अंगठा बघितलाच नाही समजा."

"यल्ला, गुणवंत!" फहद घड्याळ बघत होता. "यस या नो?"

गुणवंतने फॉर्मवर आडवी रेघ मारली. "नो. दिल का मामला है. हॉस्पिटल भेजो."

"खलास," फहद म्हणाला आणि पुढच्या पोराचा फॉर्म उचलला.

गुणवंत तडक निनादकडे गेला. खांद्यावर हात ठेवायला त्याला टाचा उंचवाव्या लागल्या. "बाळा, नीट ऐक. तुझ्या हार्टची नळी फुगलीय. पुण्याच्या टेस्टमध्ये निघालंय. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला जा. तोवर बॉलला हात लावू नकोस."

निनादने त्याच्या डोक्यावरून बापाकडे पाहिलं. "बाबा, व्हॉट इज ही सेइंग? ॲम आय सिक?"

आत्माराम हसला. इतकं मोकळं हसला की गुणवंतलाही क्षणभर आपणच खोटं बोललो असं वाटलं.

"अरे, काही नाही. मराठी माणूस ना, आपल्याच माणसाचे पाय ओढणार. बूट काढू नकोस. चारला शारजात दुसऱ्या क्लबची ट्रायल आहे."