सोबतीला आलेला माणूस

नवरा आजही बायकोच्या मागोमाग आत आला आणि दाराजवळच्या खुर्चीत बसला. समुपदेशक बाईंच्या कपाळाला आठी पडली. ती त्यांनी लगेच आवरली, कारण या पेशात आठ्या घरी जाऊनच पाडायच्या असतात.

दिवसभर लोकांची दुःखं ऐकून त्यांचे कान किटले होते. पाय सुजले होते. दुपारचा चहा टेबलावर तसाच साय धरून बसला होता. आणि हे जोडपं नेमकं कामावरून सुटल्यावर, सगळ्यांत शेवटी यायचं.

पहिल्याच भेटीत बाईंनी नवऱ्याला सुचवून पाहिलं होतं, "तुम्ही थोडा वेळ बाहेर बसलात तर बरं. यांना मोकळेपणाने बोलता येईल."

नवऱ्याने मान खाली घातली होती. उत्तर दिलं ते बायकोने. "नाही हो मॅडम, आमच्यात असं नसतं. हे इथे बसतील, मी बोलेन."

आमच्यात! हा शब्द आला की बाईंचे हात बांधले जायचे. ही दोघं दूरच्या मुलखातून इथे कारखान्यात कामाला आलेली. त्यांची रीत वेगळी, मानपान वेगळे. बाईंना ज्यांनी हे काम शिकवलं त्या मोठ्या मॅडम नेहमी सांगायच्या, "माणसाची रीत म्हणजे ओली छत्री नव्हे, दाराबाहेर ठेवून या म्हणायला." बाईंनी ते उभा जन्म पाळलं होतं. म्हणून नवरा बसायचा आणि बायको बोलायची.

बोलण्याआधी ती दर वेळी त्याच्याकडे बघायची. त्याने किंचित मान हलवली की मगच तिच्या तोंडून वाक्य निघायचं. काही राहून गेलं तर तो हळूच म्हणायचा, "ते पण सांग." बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. स्वतःच्या दुःखालासुद्धा हिला परवानगी लागावी?

आणि दुःख काय थोडंथोडकं होतं! झोप लागत नाही. यंत्रावर हात थरथरतात. घास घशाखाली उतरत नाही. पोरांना ऐकू जाऊ नये म्हणून न्हाणीघरात नळ सोडून रडायचं. हे सगळं ती बाजारातून काय काय आणायचंय ते सांगावं तसं सांगायची. चेहरा भरलेला, डोळे कोरडे. सोसणाऱ्या बायका अशाच फसवतात, हे बाईंनी आजवर खूप पाहिलं होतं.

एकदा त्यांनी तिला सावकाश श्वास घ्यायला शिकवलं. तिला मध्येच हसू फुटलं आणि सगळं बिनसलं. नवरा मात्र डोळे मिटून शेवटपर्यंत छाती भरून श्वास घेत राहिला. इथेही आपलंच घोडं पुढे, बाई मनात म्हणाल्या.

मागच्या भेटीत ती म्हणाली होती, "परवा रात्री गच्चीवर गेले. कठड्याशी उभी राहिले. पोरं आठवली म्हणून परत फिरले." नवरा तेव्हा फरशीकडे बघत होता. फरशीकडे! बायको मरणाच्या दारातून परत आली आणि या गृहस्थाला तिच्याकडे वळून बघावंसंही वाटलं नाही.

त्यानंतर बाईंचीही झोप उडाली. शेवटी त्यांनी मोठ्या मॅडमना फोन केला.

"रीत माणसासाठी असते गं," मोठ्या मॅडम म्हणाल्या. "माणूसच राहिलं नाही तर रीत घेऊन काय करायचंय? तिला एकटीला गाठ."

म्हणून आज बाई नवऱ्याकडे वळल्या. "आज तुम्ही बाहेर बसायचं."

बायको अर्धवट उठली. "पण मॅडम, आमच्यात..."

"तुमच्यात काय ते मी खूप ऐकलं. आज माझ्या रीतीने चालू दे."

नवऱ्याने पहिल्यांदाच बाईंकडे सरळ पाहिलं. त्याचे ओठ हलले. काहीतरी सांगायचं असावं. पण बाईंचा धीर संपला होता. "बाहेर बसा म्हटलं ना."

तो उठला. ढगळ सदरा नीट केला आणि आवाज न करता दार ओढून घेत बाहेर गेला. बाईंना एकदम हायसं वाटलं. हे आपण पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, असंही वाटलं.

त्यांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "आता बोला. अगदी मनातलं बोला."

बायको दाराकडे बघत राहिली. "हे कुठे बसलेत?"

अजून त्याचाच धाक! बाईंना तिची कणव आली. दार उघडून त्यांनी बाहेर डोकावलं. बाकावर कोणी नव्हतं. झाडलोट करणारी बाई जिन्यापाशी उभी होती.

"ते ना? वर गेले गच्चीवर," ती म्हणाली. "जरा मोकळी हवा खातो म्हणाले."

छानच झालं, निदान दाराला कान लावून तरी बसणार नाही. बाईंनी दार लावलं आणि परत येऊन तिचा हात हातात घेतला.

"घाबरू नका. ते गच्चीवर गेलेत. तुमचं एक अक्षरही त्यांच्या कानावर जाणार नाही."

बायको इतक्या झटक्यात उठली की खुर्ची मागे कोसळली. ती दाराला जाऊन भिडली आणि दोन्ही हातांनी कडी ओढू लागली.

"मॅडम, आमच्यात पुरुषाला असलं काही स्वतःच्या तोंडाने सांगता येत नाही हो," ती ओरडली. "म्हणून बायको सांगते. त्या रात्री कठड्याशी मी नव्हते उभी. हे उभे होते."